गावाकडं खो-खोचे फोटो काढायचेत, पालकांना कसं विचारावं?

प्रेषक: नॉटिंगहॅमहून (मूळ गाव मानवत)

मंडळी, नमस्कार.

ऑक्टोबरात घरी जातोय. माझी ताई परभणी जिल्ह्यातल्या एका शाळेत शिकवते. तिच्या शाळेच्या मुली १७ वर्षांखालच्या गटात जिल्ह्याच्या खो-खोला उतरायच्या आहेत. ताई म्हणते, कॅमेरा घेऊन ये, इथं लेकरांचे धड फोटोच कोणी काढत नाही.

मी इथं क्लबच्या पोरांचे क्रिकेटचे फोटो काढतो हे बऱ्याच जणांना माहीत आहे. इथं काम सोपं आहे. हंगामाच्या सुरुवातीला पालक फॉर्म भरतात, मुलांच्या सुरक्षिततेचं बघणारा क्लबचा वेल्फेअर ऑफिसर असतो, कुणाच्या मुलाचा फोटो नको ते मला आधीच कळतं. फोटोसोबत पूर्ण नाव टाकायचं नाही एवढं पाळलं की झालं. ताईला म्हटलं, असाच फॉर्म मराठीत करू का, तर ती हसायलाच लागली. "कोण भरायलंय फॉर्म? तू ये नुसता."

पण मागच्या खेपेला आमच्या गावच्याच मैदानावर मुलींचा सराव चालला होता. मी बांधावरून लेन्स लावली तर दोन बाया सरळ पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या. "कामून काढायलाव ओ फोटो? कुणाचे तुम्ही?" वडिलांचं नाव सांगितलं तरी जागच्या हलल्या नाहीत. शेवटी कॅमेरा बॅगेत टाकून घरी आलो.

तिकडचा कायदा काय म्हणतो? आणि अशा वेळी बोलायचं काय?

प्रेषक: लातूरहून (मुलगा बर्मिंगहॅमला)

अरे, त्या बायांनी हटकलं ते बरंच केलं. पोरींच्या मैदानावर कोणी अनोळखी माणूस लांबलचक लेन्स लावतो आणि गावात कोणी काही विचारत नाही, असं झालं असतं तर मला जास्त काळजी वाटली असती.

मी क्रीडाशिक्षिका होते, निवृत्त झाले. पोरींच्या टीमा एसटीत घालून लातूर, नांदेड, धाराशिव करत आयुष्य गेलं, त्यामुळं हे प्रकरण मला जवळून माहीत आहे.

आधी कायदा, म्हणजे तो विषय संपेल. उघड्या मैदानावर चाललेल्या खेळाचा फोटो काढणं हा आपल्याकडं गुन्हा नाही. शाळेच्या आवारात मात्र मुख्याध्यापकांची परवानगी लागते आणि ती घ्यावीच. पॉक्सो कायदा २०१२ चा, तो १८ वर्षांखालच्या सगळ्यांना लागू आहे, पण तो लैंगिक हेतूनं केलेल्या गोष्टींबद्दल आहे, खेळाच्या फोटोबद्दल नाही. कपडे बदलताना कोणाचा फोटो काढला तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ई कलम लागतं, ३ वर्षांपर्यंत कैद आहे. हे तुला सांगायची गरज नाही, पण एक लक्षात ठेव. तालुक्याच्या स्पर्धेला चेंजिंग रूम नावाची वस्तू नसते. दोघी जणी चादर धरून उभ्या राहतात आणि तिसरी आत कपडे बदलते. कधी एखादा रिकामा वर्ग, कधी टेम्पोची मागची बाजू. मैदानावर गेलास की पहिल्यांदा ती जागा कुठं आहे ते बाईंना विचारून घे आणि दिवसभर त्या दिशेला कॅमेरा फिरवायचाच नाही. पालकांचा निम्मा जीव तिथंच अडकलेला असतो.

आता बोलायचं काय ते. वडिलांचं नाव सांगून त्या हलल्या नाहीत, कारण उद्या फोटोचं काही झालं तर तुझ्या वडिलांना जाऊन काय विचारणार? तू तर तोवर विमानात. त्यांना इथं राहणारा, रोज दिसणारा माणूस जबाबदार हवा असतो. म्हणून एकटा मैदानावर जायचंच नाही. सामन्याआधी क्रीडाशिक्षकांनी सगळ्या पोरींसमोर आणि जे पालक आलेत त्यांच्यासमोर सांगायचं, "हे आपल्या बाईंचे भाऊ, आज फोटो काढणार आहेत, ज्यांना नको त्यांनी मला सांगा." तुला नाही, मला. तोंडावर नाही म्हणणं आपल्या माणसांना जड जातं, त्यातून तू परदेशातून आलेला, हातात महागडा कॅमेरा. सरांच्या कानात सांगणं सोपं. जिल्ह्याच्या स्पर्धेला जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाचे लोक असतात, त्यांच्याही टेबलावर आधी जाऊन ये.

तरी मधेच कोणी येऊन विचारलं, तर पहिलं काम कॅमेरा खाली घे. कायदा काढू नकोस. "पब्लिक प्लेस आहे" म्हणालास की गोष्ट संपली, तिथून पुढं तू शहाणा आणि ते अडाणी. त्यापेक्षा स्क्रीन त्यांच्याकडं फिरव आणि एकेक फोटो दाखव. एका आईचं मला आठवतं. पदर तोंडाला धरून लांबून बघत होती. फोटो पुढं सरकत गेले तशी जवळ आली. पोरगी खांबाजवळ आडवी झेपावलेली, वेणी हवेत, तोंडात माती. बाईनं तो फोटो दोनदा मागं आणायला लावला. मग म्हणाली, "हा राहू द्या. त्याच्या आधीचा पुसा." आधीच्यात टी-शर्ट वर सरकला होता. फोटोवाल्यानं तिच्यासमोर पुसला, आणि दुपारी त्याच बाईनं त्याला डब्यातली भाकरी खायला बसवलं.

तुला हेही कळायला हवं की इथली भीती तुमच्याकडच्यासारखी नसते. तुमच्याकडं कोण अनोळखी माणूस लेकरापर्यंत पोचेल याची धास्ती. इथं धास्ती ओळखीच्यांची. हाफ पँटवरचा फोटो कोणाच्या तरी स्टेटसला लागतो, तिथून भावकीच्या ग्रुपवर, मग चुलता विचारतो, "पोरीला हेच करायला पाठवताव का?" सोळाव्या वर्षी पोरीचा खेळ बंद होतो तो असा, आणि नंतर कोणी कारणही सांगत नाही. आता त्यात फोटोवर चेहरा चिकटवून घाण करणारी ॲपं आली आहेत. आयांना त्यांची नावं सांगता येत नाहीत, पण असं होतं हे पक्कं माहीत आहे.

आणि दुसरी तऱ्हा ऐकशील तर चक्रावशील. त्याच पोरीचा बाप जिंकल्यावर तुझ्या मागं लागेल, "मोठा फोटो द्या, फ्लेक्स लावायचाय." चौकात फ्लेक्स लागतो, वर पुढाऱ्यांचे चेहरे, खाली पोरीचं पूर्ण नाव, शाळा, गाव, सगळं. धाराशिवची सारिका काळे खो-खोतून अर्जुन पुरस्कारापर्यंत पोचली, २०२० साली. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा विश्वचषक झाला, तो भारताच्या पोरींनीही जिंकला आणि पोरांनीही. तुमच्या बर्मिंगहॅमलाच २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेनं स्टीपलचेसचं रौप्य घेतलं. हे सगळं बापांनी बघितलंय. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत, हेही त्यांना पाठ असतं. म्हणजे नको म्हणणारे आणि फ्लेक्स लावणारे एकाच घरात बसलेले असतात.

मी त्यावर एक तोडगा काढला होता. सगळ्या टीमचा ट्रॅकसूटवरचा, ट्रॉफी घेतलेला फोटो मोबाईलवर द्यायचा. फ्लेक्सला तोच जातो. खेळतानाचे फोटो मात्र कागदावर छापून पोरींच्या हातात द्यायचे, मोबाईलवर पाठवायचे नाहीत. छापलेला फोटो घरात कपाटाच्या दाराला चिकटतो, ग्रुपवर जात नाही.

अजून एक गोष्ट, जी तुझ्या फॉर्ममध्ये बसणार नाही. तू ऑक्टोबरात येणार, म्हणजे दसरा-दिवाळीच्या आसपास. बीड, परभणीकडची ऊसतोडीला जाणारी घरं तेव्हा निघायच्या तयारीत असतात नाहीतर निघालेली असतात. लेकरं आजीजवळ, नाहीतर हंगामी वसतिगृहात. मग पालकाची सही कोणाची? आजीचा अंगठा घेऊन कागद भरेल, पण आजीला तू काय विचारलंस ते तरी समजलं का? आम्ही मुकादमाच्या फोनवर फोन लावायचो. आई फडातून यायची, धाप लागलेली, आधी तिला वाटायचं पोरीला काही झालं. फोटोचं विचारलं की हसायची. एकीनंही नाही म्हटलेलं मला आठवत नाही. उलट, "मला पाठवा की ओ बाई." तिच्यासाठी मी माझा कागदाचा नियम मोडायचे. ऊसतोडीच्या कोपीवर, म्हणजे झोपडीवर बसून सहा महिने पोरगी बघायला मिळत नाही, तिला काय कागदावरचा फोटो पोस्टानं पाठवू?

प्रेषक: लंडनहून (मूळ गाव अंबाजोगाई)

काकू, सगळं पटलं, ट्रॅकसूटचं सोडून.

पोरगी खेळते हाफ पँटवर, तिचा पराक्रम सूर मारण्यात, म्हणजे झेप घेण्यात आहे, आणि चौकात दाखवायचा फोटो मात्र अंगभर कपड्यातला? म्हणजे चुलत्याचंच खरं केलं की आपण. मुलाचा फ्लेक्स लावताना कोणी ट्रॅकसूट शोधत नाही. माझी मुलगी इथं नेटबॉल खेळते, तिचे सगळे फोटो खेळतानाचेच आहेत.

फॉर्मलाही एवढं हसू नका. आमच्या क्लबमध्ये एका मुलाच्या आईनं फोटोला नाही लिहिलं होतं, कारण विचारलं नाही, विचारायचंही नसतं. नंतर कळलं की ती घरच्या मारहाणीतून निघून आलेली होती आणि नवरा तिला शोधत होता. क्लबचं नाव असलेला एक फोटो पुरला असता त्याला. अशी बाई तुमच्या मैदानावर सगळ्यांसमोर सरांना जाऊन सांगेल का?

प्रेषक: लातूरहून

सांगणार नाही. ते तुझं बरोबर आहे. म्हणून सरांनी आदल्या दिवशी एकेकीला बाजूला घेऊन विचारायचं, आणि आधी पोरीला विचारायचं, मग घरच्यांना. माहेरी परत आलेल्या बाईची लेक प्रत्येक शाळेत असते. ती कोण हे शिक्षकांना ठाऊक असतं, पाहुण्या फोटोवाल्याला नाही. तिचा फोटो नाही म्हणजे नाहीच, आणि का नाही हे फोटोवाल्याला कळायचंही कारण नाही. छातीवरचा नंबर सांगितला की पुरे.

ट्रॅकसूटचं मात्र मी सोडणार नाही. चुलता चुकीचाच आहे, ते मला कोणी शिकवायला नको. पण सामना झाला की तू लंडनला, मी लातूरला, आणि पोरगी संध्याकाळच्या एसटीनं त्याच चुलत्याच्या वाड्यात. मला ती पुढच्या वर्षी मैदानावर परत हवी होती. आता काही पोरी स्वतःहून म्हणतात, "बाई, सुराचाच फोटो लावा." अशा पोरीचा सुराचाच लावायचा, मग बापाशी भांडायला मी जाते. आजवर दोन-तीनदा गेलेय, एकदा तर सरपंचाशीही.

प्रेषक: नॉटिंगहॅमहून

काकू, फार उपयोग झाला. दोन शंका आहेत. मी नेहमी जमिनीवर बसून खालच्या कोनातून काढतो, खेळाला तेच शोभतं. तिथं चालेल का? आणि आपल्या इथल्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेसाठी तीन-चार फोटो द्या असं कार्यकारिणीचं म्हणणं आहे.

प्रेषक: लातूरहून

खालून काढ, पण पाठलाग करणाऱ्या पोरीच्या मागून नको, समोरून. खांबापासून तिरपा, मैदानाच्या बाहेर बस. मैदान २७ मीटर लांब असतं, तुझी २०० ची लेन्स पुरते. समोरून आलेल्या फोटोत तोंड, हात आणि माती दिसते, पेपरलाही तोच फोटो चालतो. मागून घेतला की नको ते दिसतं आणि खेळ काहीच दिसत नाही. धडाधड शंभर फोटो निघतात तेव्हा त्यात चार-दोन वाईट येणारच, ते मैदानावरच पूस, घरी नेऊ नकोस. मोबाईलनं काढणार असशील तर त्यातलं लोकेशन बंद कर, नाहीतर शाळेचा पत्ता फोटोसोबत फिरतो. सकाळी नऊच्या आत काय ते उरक. आपल्याकडचं ऊन तुला माहीत आहे, ऑक्टोबरात तर टोपीखालचं तोंड काळंच येतं.

स्मरणिकेचं कार्यकारिणीला विचार, ते माझं काम नाही.

प्रेषक: कार्यकारिणी

सर्व सभासदांना,

घरच्या अल्बमसाठी काढलेला फोटो आणि मंडळानं छापलेला किंवा संकेतस्थळावर टाकलेला फोटो, या दोन्हींना कायदा वेगळं धरतो. मंडळाला इथला २०१८ चा डेटा संरक्षण कायदा लागू आहे, आणि भारतातल्या २०२३ च्या कायद्यातही १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती सांगितली आहे. त्यामुळं स्मरणिकेत मुलींचे चेहरे ओळखू येतील असे फोटो लेखी संमतीशिवाय घेणार नाही. खो-खोत बसलेल्या आठ जणी एकीआड एक उलट्या दिशेला तोंड करून असतात, तेव्हा अगदी पाठमोरी रांग मिळणं कठीण आहे याची कल्पना आहे. हात, पाय, खांब, उडालेली माती, प्रेक्षकांतल्या आज्या चालतील. आज्यांनाही विचारून. फोटोखाली गावाचं आणि शाळेचं नाव येणार नाही, फक्त "परभणी जिल्हा".

आपल्या क्रीडादिनालाही यंदापासून हाच नियम. गेल्या वर्षीचे लिंबू-चमचा शर्यतीचे फोटो मंडळाच्या पानावरून काढले आहेत, कोणाला आपल्या मुलाचे हवे असतील तर वैयक्तिक मेल करा, पाठवू.

प्रेषक: लातूरहून

एक राहिलं. ताईला सांग, मुख्याध्यापकांच्या नावानं साधा अर्ज आठ दिवस आधी देऊन ठेव, आणि गेटवरच्या शिपायाला तुझं नाव सांगून ठेव. मुख्याध्यापक त्या दिवशी हमखास मीटिंगला गेलेले असतात. आणि येताना पोरींना चॉकलेटं आणू नकोस. गुडघ्याला लावायच्या पट्ट्या मिळाल्या तर आण, त्या इथं टीमला कधीच पुरत नाहीत. सरांच्या हातात दे, ते वाटतील.