मदत हवी आहे : बोनेटशिवायचे जुने ट्रक आणि त्यांचे चालक

नमस्कार मंडळी. मुंबई बंदर, दारूखाना, मशीद बंदर या भागांत पूर्वी चालणाऱ्या सपाट तोंडाच्या ट्रकची आणि त्यांवर आयुष्य काढलेल्या चालकांची माहिती मी जमवतोय. मला विशेषतः लाकडी केबिनचे अशोक लेलँड हवे आहेत. कंपनीतून नुसती चासी, म्हणजे इंजिन-चाकांसकट सांगाडा यायचा, केबिन बॉडीवाला सुतार बांधायचा. त्यामुळे फोटोवरून मॉडेल आणि साल ओळखणं फार अवघड जातं. चासी नंबरवरून साल कसं काढायचं, कोणी सांगेल का?

त्याहून महत्त्वाचं म्हणजे माणसं. या गाड्यांत इंजिन चालक आणि क्लीनर यांच्या मधोमध, झाकणाखाली. मे महिन्यात भरलेली गाडी घेऊन जुन्या रस्त्याने बोरघाट चढताना ती धग पायाला कशी लागत असेल! पॉवर स्टेअरिंग नाही, गिअर बदलताना डबल क्लच, म्हणजे दर वेळी क्लच दोनदा दाबायचा. शिवाय मुलुंड, दहिसरच्या जकात नाक्यांवरच्या रांगा, ज्या १ जुलै २०१७ ला जकात गेल्यावरच संपल्या. हे सगळं कुठेच नीट लिहिलेलं नाही आणि ती पिढी आता थकली आहे.

तुमच्या घरात, चाळीत, गावाकडे असे कोणी काका-आजोबा असतील तर कृपया मेसेज करा. कळंबोली, वडाळा, कुठेही भेटायला येईन. बॉडी बांधणारे जुने कारागीर माहीत असतील तर तेही सांगा. जुने फोटो स्कॅन करून लगेच परत देईन.