व्हिएतनाम, डिसेंबरअखेर: हनोई १६ अंश, सायगाव ३२?

नाशिककर_भटक्या:
डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून नऊ दिवस: हनोई, सापा, हा लाँग, दा नांग–होई आन, शेवटी हो ची मिन्ह सिटी (म्हणजेच सायगाव). सोबत सत्तरीतले आईवडील. अ‍ॅपवर उत्तरेत १६ आणि दक्षिणेत ३२ दिसतंय. एकाच देशात एवढा फरक? गरम कपडे किती घ्यायचे? दा नांगला समुद्रात उतरता येईल का?

अक्षांश२१:
फरक खरा आहे. देश दक्षिणोत्तर सुमारे १,६५० किमी आणि मध्ये एके ठिकाणी जेमतेम ५० किमी रुंद. पण नुसत्या लांबीने उत्तर मिळत नाही. हनोई २१ अंशांवर, म्हणजे आपल्या नागपूरच्याच रेषेत. नागपुरात डिसेंबरची दुपार २८ च्या आसपास असते, हनोईत २२ च्या आसपास, आणि वर ढगाळ. आपल्याकडे सायबेरियाची थंड हवा हिमालय अडवतो. तिथे उत्तरेच्या डोंगररांगा चीनच्या बाजूला पंख्यासारख्या उघडतात, त्यामुळे ती हवा सरळ आत येते. थंडीची लाट आली की हनोई १०–११ पर्यंत उतरतं. ही लाट दक्षिणेकडे सरकते ती देशाच्या मध्यावर, ह्वे आणि दा नांग या शहरांमधल्या हाय व्हान खिंडीपर्यंत. तिथे डोंगराची एक सोंड थेट समुद्रात शिरली आहे. ती ओलांडली की थंडीचा जोर मोडतो.

आकड्यावर जाऊ नका. १६ अंश कोरडे आणि १६ अंश दमट यांत जमीनअस्मानाचा फरक. बऱ्याच हॉटेलांत हीटर नसतो आणि फरशी गार पडते. आईवडिलांसाठी खोली बुक करतानाच हीटर आहे का ते लेखी विचारा, मोजे भरपूर घ्या. हनोईला स्वेटर आणि वारा अडवणारं जाकीट पुरतं; थर्मल लागतील ते सापाला. ते १,५०० मीटरवर आहे, रात्री एक आकडी तापमान नेहमीचं.

मालवणी_वारा:
दा नांगचं वेगळं. ते १६ अंशांवर, म्हणजे मालवणच्या ओळीत, पण पावसाचं गणित बरोबर उलटं. जून ते ऑगस्ट नैर्ऋत्य मोसमी पाऊस लाओसच्या सीमेवरच्या त्रुओंग सोन डोंगररांगेच्या पलीकडे लाओसात पडतो आणि अलीकडच्या बाजूला, दा नांगकडे, गरम कोरडा वारा उतरतो. ईशान्य वारे सुरू झाले की तेच वारे समुद्रावरून ओल घेऊन डोंगराला धडकतात. वर्षाचा जवळपास निम्मा पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात. होई आनच्या गल्ल्यांत पाणी शिरतं ते याच दिवसांत.

डिसेंबरअखेर जोर ओसरलेला असतो, पण रिपरिप आणि खवळलेला समुद्र धरून चाला. पोहणं विसरा. होई आनसमोरच्या कू लाओ चाम बेटाच्या बोटी बंद असू शकतात. पैसे परत मिळतील अशीच तिकिटं घ्या. दा नांगजवळचं डोंगरावरचं पर्यटनस्थळ बा ना हिल्स १,४०० मीटरच्या वर, धुक्यात तिथला प्रसिद्ध गोल्डन ब्रिजही दिसत नाही. तिथलं तिकीट आदल्या संध्याकाळी अंदाज बघून काढा.

अक्षांश२१:
समुद्रच हवा असेल तर दा नांगऐवजी दक्षिणेकडचं फू क्वोक बेट. नोव्हेंबर ते एप्रिल कोरडा काळ, पाणी शांत. आणि ज्येष्ठांना घेऊन नऊ दिवसांत पाच ठिकाणं म्हणजे धावपळच; सापा गाळा.

नाशिककर_भटक्या:
मग मेच्या सुट्टीत ढकलू का?

मालवणी_वारा:
मेमध्ये दा नांगचा समुद्र छान, बाकी सगळं कठीण. हनोई गरम आणि घामट, उष्णतेच्या लाटेत ३५ च्या वर, सायगावला पावसाला सुरुवात. न्घे आन प्रांतात ७ मे २०२३ ला ४४.२ अंश नोंदले गेले, तो याच लाओसकडच्या वाऱ्याचा पट्टा.

उत्तर, मध्य, दक्षिण असे तिन्ही भाग जमतात ते मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत. तडजोड एकच: मार्चमध्ये हनोईत झिमझिम असते, आणि समुद्रावरची दमट हवा गार फरशीला लागून भिंती-जमिनी अक्षरशः पाझरतात. तेव्हा खिडक्या बंद ठेवा, एसी ड्राय मोडवर लावा, कपडे हॉटेलात वाळत घालू नका. रबरी तळव्याची चप्पल आईवडिलांना आवर्जून द्या. ओल्या टाइल्सवर पाय सटकतो.