मदत हवी आहे: हात धुणं बंद करायला सांगितलं, पण घरात भांडणं वाढली

पराटीवाला:
नमस्कार. तीन आठवड्यांपासून डॉक्टरीणबाईच्या सांगण्यावरून घरी हात धुणं बंद करून राहिलो. फायदा काहीच नाही. काल तर हातापायीवर आलं. असं बंद करूनच बरं होते का दुसरा काही उपाय आहे? मंगळवारी पुन्हा नागपूरले जा लागते, त्याच्या आत सांगा. इकडे कापूस फुटून आहे, वेळ नाही.

तिसरा_बाक:
कोणाचं हात धुणं? तुमचं का लेकराचं? वय किती?

पराटीवाला:
अहो, लहान भावाचं. २६ वर्षं. ओसीडी सांगितलं आहे, म्हणजे मनात तीच तीच भीती येते अन् तेच तेच करत राहते माणूस. लिहिलं न मी.

तिसरा_बाक:
नाही लिहिलं भाऊ. भीती कशाची आहे त्याला? गोळ्या सुरू आहेत का?

पराटीवाला:
फवारणीच्या औषधाची. २०१७ मध्ये आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारता फवारता विषबाधा होऊन माणसं गेली, तेव्हा हा बारावीत होता. बाजूच्या गावचा ओळखीचा माणूस गेला त्यात. दोन वर्षं झाली, वावरात पाय नाही ठेवला यानं. मी फवारून आलो की कडी, बैलबंडी, पाण्याचा गुंड, सगळ्याला औषध लागलं म्हणते. मोरीत गेला की दीड तास. हातं फुटून रक्त येते. आई दिवसभर सांगते, साफ आहे बाप्पा, काही नाही लागलं.

बोअरचं_पाणी:
हात फुटतात ते पाण्यानं. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार लय. रात्री खोबरेल तेल लावून झोपायला सांगा, साबण बदला. आमच्या घरी सगळ्यांना फरक पडला.

नर्मदाकाकू:
माझ्या भाच्याचंही असंच होतं. वहिनीनं अकरा गुरुवार केले, पोरगं शांत झालं. गोळ्या मात्र देऊ नका. झोपेच्या असतात त्या, जन्माची सवय लागते.

गोळी_वेळेवर:
काकू, तुमच्या श्रद्धेबद्दल काही म्हणणं नाही, पण गोळ्यांचं चुकीचं सांगू नका. मी औषधाच्या दुकानात आहे. फ्लुओक्झेटिन, सर्ट्रालिन या झोपेच्या गोळ्या नाहीत, त्यांची नशाही लागत नाही. ओसीडीत फरक दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात आणि डोस बहुतेक वेळा उदासीच्या आजारापेक्षा जास्त लागतो. गोळीनंच होते हे. हात धुऊ नको वगैरे सगळा टाइमपास.

मोरीतून_बाहेर:
टाइमपास नाही. मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये लंडनला हा उपचार दोन पेशंटवर करून मांडला, तेव्हापासून चालत आला आहे. गोळी आणि हे, दोन्ही सोबत चालते. मी दोन्ही घेतलं.
दादा, हात धुणं बंद कसं केलं ते सांगा आधी.

पराटीवाला:
मोटर बंद करतो. मोरीला कुलूप. साबण लपवला.

मोरीतून_बाहेर:
काढा ते कुलूप, आत्ताच. धुणं तुम्ही बंद पाडायचं नसते, त्यानं स्वतः ठरवून न धुता बसायचं असते. डॉक्टरीणबाईंनी हेच सांगितलं असेल. कुलूप असलं की तो फक्त कुलूप उघडायची वाट पाहतो. न धुताही काही झालं नाही, हे त्याचं मन शिकतच नाही.

सात वर्षं माझी याच्यात गेली. वर्ध्याला उपचार घेतला. ईआरपी म्हणतात याला. ज्याची भीती वाटते ते सगळं कागदावर लिहायचं, प्रत्येकाला ० ते १०० मार्क. समजा कोठीची कडी ३०, तुमचा धुतलेला फवारणीचा शर्ट ५०, बंडीवर बसून भाकर खाणं ७०. सुरुवात ३० पासून. कडीला हात लावायचा आणि धुवायचा नाही. पँटला पुसायचा नाही, आईला विचारायचं नाही, मनातल्या मनात घोकायचंही नाही. छाती धडधडते, रडू येते. अर्धा तास, पाऊण तास, कधी जास्तही. मग भीती आपसूक उतरते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच कडी. त्या कडीचं काही वाटेनासं झालं की पुढची पायरी.

आईचं "साफ आहे बाप्पा" हेही धुण्यासारखंच आहे. दोन मिनिटं बरं वाटते, मग पुन्हा विचारावंसं वाटते. पण आईला एकदम गप्प करू नका, भावासोबत बसून ठरवा. माझी आई म्हणायची, "हे तुझा आजार विचारून राहिला, त्याला उत्तर नाही देत मी. तुझ्याजवळ बसते."

आणि खरं औषध, रिकामा डबा, पंप यांना उघडा हात लावायला सांगू नका. तो नियम तुम्हालाही आहे.

निंबोळी_अर्क:
मुळात फवारणीच काऊन करता? पाच टक्के निंबोळी अर्क मारा, घरात विषच नको.

बोअरचं_पाणी:
गुलाबी बोंडअळी निंबोळीनं थांबते का? आमचं अर्धं वावर गेलं होतं. आधी हातमोजे, मास्क घालायला शिका म्हणा.

निंबोळी_अर्क:
भर उन्हात मास्क घालून कोण फवारते? एक दिवस फवारून दाखवा.

तिसरा_बाक:
ते दुसऱ्या धाग्यावर बोला न. पराटीवाले भाऊ, तो जिवाचं काही बोलतो का? घरात फवारणीचं औषध आहे म्हणून विचारतो.

पराटीवाला:
मागच्या महिन्यात कंटाळलो म्हणाला होता. बाकी काही नाही.

तिसरा_बाक:
तरी मोरीचं कुलूप काढून औषधाच्या कपाटाला लावा, किल्ली तुमच्याजवळ ठेवा. आणि हे मंगळवारी डॉक्टरीणबाईला सांगाच. रात्री-बेरात्री वाटलं तर टेलिमानस, मनाच्या आजारासाठीची सरकारी हेल्पलाइन, १४४१६. फुकट आहे, मराठीत बोलतात.

पराटीवाला:
कुलूप काढलं. मोरीतून_बाहेर ताईनं लिहिलेलं त्याला वाचून दाखवलं. बराच वेळ बोलला नाही. मग म्हणे, तू मोटर बंद करे तेव्हा वाटे, मी मेलो तरी याला चालते. मला काही सुचलं नाही. नंतर त्यानंच कागद घेतला. कडीला ३० नाही, ४५ दिले.
एक विचारायचं होतं. वेचणीत दर आठवड्याले नागपूर होत नाही. काय करावं?

मोरीतून_बाहेर:
४५ तर ४५. मार्क त्याचेच. त्याहून सोपं काही असेल तर तिथून सुरू करा. सुरुवातीच्या काही भेटी चुकवू नका, मग मधल्या भेटी फोनवर होतील का ते बाईंना विचारा. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागातही चौकशी करा, यवतमाळ जवळ पडेल. घरी रोज वही लिहा: काय केलं, किती मार्क होते, किती वेळानं उतरले. मी दीड वर्ष लिहिली.

गोळी_वेळेवर:
गोळीचं अजून सांगितलंच नाही तुम्ही.

पराटीवाला:
दिली होती. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून आईनं बंद केली.

गोळी_वेळेवर:
पंधरा दिवसांत कसा दिसेल फरक? बंद केली हे डॉक्टरीणबाईला माहीत आहे का? कोणती होती, किती मिलिग्रॅम? पाकिटाचा फोटो टाका.

पराटीवाला:
नाही सांगितलं त्यांना. पाकीट आईनं फेकलं. चिठ्ठी पाहतो.