सल्ला हवा: मोठ्या वर्गात खेळातून शिकवताना खेळ लक्षात राहतो, विषय राहत नाही

अर्धविराम

सर्वांना नमस्कार. पदवीच्या दुसऱ्या वर्षाला मी संख्याशास्त्र शिकवते. वर्गात ११० विद्यार्थी आहेत, पायऱ्यापायऱ्यांचे सभागृह आहे, बाक जमिनीला पक्के बसवलेले आहेत आणि तास ५० मिनिटांचा असतो.

मागच्या सत्रात नुसत्या व्याख्यानांऐवजी मी काही खेळ करून पाहिले. प्रश्नमंजूषा घेतली, गटागटांत चढाओढ लावली, एक पूर्ण तास नाणी उडवून नोंदी करायला लावल्या. वर्ग रंगला, हजेरी वाढली आणि एरवी तोंड न उघडणारी शेवटच्या रांगेतील मुलेसुद्धा बोलू लागली. परंतु सत्रान्त परीक्षेत विश्वास अंतरालाच्या (नमुन्यावरून खरी किंमत कोणत्या मर्यादांत असावी, ते सांगणाऱ्या पट्ट्याच्या) प्रश्नाला पूर्वीसारखीच पाठ केलेली उत्तरे आली. नंतर एका विद्यार्थिनीला मी विचारले, की त्या दिवशीच्या नाण्यांच्या खेळातून तुला काय समजले. कोणता गट जिंकला ते तिने अचूक सांगितले. आपण नाणी कशासाठी उडवत होतो, ते मात्र तिला आठवेना. ते उत्तर मला फार लागले, कारण चूक तिची नव्हती.

अशा वर्गात चालतील आणि विषयाच्या गाभ्याशी नेतील, असे कोणते उपक्रम आपण स्वतः वापरले आहेत? त्यांना गुण द्यावेत का? अबोल विद्यार्थ्यांचे काय करावे? प्रत्यक्ष अनुभवातून कोणी सांगितले तर फार उपकार होतील.

चौथा बाक

मी व्यवस्थापनशास्त्र शिकवतो. तुमच्या विद्यार्थिनीने दिले तसे उत्तर मीही ऐकलेले आहे. विद्यार्थी शिकतात ते खेळ संपल्यानंतरच्या बोलण्यातून, असे माझे ठाम मत झाले आहे, आणि तुमच्या वर्णनात त्या बोलण्याचा उल्लेख मला कुठेच दिसला नाही.

एक उदाहरण सविस्तर देतो. अमेरिकेतील एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेत १९६० च्या दशकात तयार झालेला ‘बिअर गेम’ आमच्या विषयात सर्वत्र खेळला जातो. किरकोळ विक्रेता, घाऊक विक्रेता, वितरक आणि कारखाना अशा चार भूमिका असतात. प्रत्येकाला फक्त आपल्या पुढच्या कडीकडून आलेली मागणी दिसते आणि मागवलेला माल हाती पडायला काही आठवडे लागतात. ग्राहकाची मागणी पहिले चार आठवडे ४ पेट्यांची असते, पाचव्या आठवड्यात ती ८ होते आणि शेवटपर्यंत ८ च राहते. एवढ्या एका बदलाने सगळी साखळी हेलकावे खाऊ लागते. आधी टंचाई येते, मग घाबरून मोठमोठ्या मागण्या नोंदवल्या जातात आणि शेवटी मालाचे डोंगर साचतात.

खेळ थांबला की किरकोळ विक्रेते सोडून बाकी सर्वांना मी एक कोरा कागद देतो आणि ग्राहकाची मागणी कशी बदलत गेली असेल, त्याचा आलेख काढायला सांगतो. बहुतेक जण लाटा काढतात. त्यानंतर मी फळ्यावर खरा आलेख काढतो, ज्यात एकच पायरी असते आणि पुढे सरळ रेषा. वर्ग एकदम शांत होतो. घोटाळा ग्राहकाने केलेला नसून रचनेतून आणि आपल्याच निर्णयांतून झाला, हे त्यांना त्या क्षणी दिसते आणि तिथून खरा तास सुरू होतो.

सुरुवातीच्या काळात मी खेळाला ८० मिनिटे आणि चर्चेला १० मिनिटे देत असे. तेव्हा विद्यार्थी एकमेकांना दोष देत वर्गाबाहेर पडत. आता मी खेळाच्या फेऱ्या कमी करतो, पण चर्चेच्या वेळेला हात लावत नाही. नवा उपक्रम ठरवताना मी आधी चर्चेतला शेवटचा प्रश्न लिहितो आणि त्या प्रश्नापर्यंत नेणारा खेळ नंतर शोधतो. तुम्हीही हा क्रम करून पाहा.

प्रवाह

चौथा बाक यांच्याशी मी सहमत आहे. मात्र प्रत्येक तासाला पूर्ण खेळ मांडणे कोणालाच झेपणारे नाही. म्हणून रोजच्या वापरासाठी मी एक साधी पद्धत सुचवेन. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक माझूर यांनी १९९१ मध्ये ‘पीअर इन्स्ट्रक्शन’ सुरू केले. फळ्यावर एक बहुपर्यायी प्रश्न लिहायचा, तो आकडेमोडीचा नसून संकल्पनेचा हवा. प्रत्येकाने एकट्याने विचार करून मत द्यायचे, मग शेजाऱ्याशी दोन-तीन मिनिटे वाद घालायचा आणि पुन्हा मत द्यायचे. पक्क्या बाकांची यात अडचण होत नाही, कारण शेजारी तर असतोच. मत घेण्यासाठी यंत्रे लागत नाहीत. मी चार रंगांचे पुठ्ठे वाटतो आणि सर्वांना ते एकाच वेळी छातीशी धरायला सांगतो, म्हणजे कोणी दुसऱ्याचे पाहून रंग बदलत नाही.

प्रश्नाची निवड हेच यातले खरे कसब आहे. पहिल्या मतदानात साधारण ३० ते ७० टक्के उत्तरे बरोबर आली, तर चर्चेला अर्थ असतो. त्याहून कमी आली तर आपणच पुन्हा समजावून सांगावे आणि जास्त आली तर पुढे जावे.

तुमच्या विषयासाठी एक तयार प्रश्न सांगतो, तो टव्हर्स्की आणि काहनेमन या मानसशास्त्रज्ञांचा आहे. एका मोठ्या रुग्णालयात रोज सुमारे ४५ आणि एका लहान रुग्णालयात रोज सुमारे १५ बाळे जन्मतात. वर्षभरात ज्या ज्या दिवशी ६० टक्क्यांहून अधिक मुलगे जन्मले, असे दिवस कोणत्या रुग्णालयात अधिक असतील? त्यांनी विचारले तेव्हा निम्म्याहून जास्त विद्यार्थ्यांनी ‘दोन्हीकडे जवळपास सारखेच’ असे उत्तर दिले होते. उत्तर अर्थातच लहान रुग्णालय. नमुना लहान असला की टक्केवारी किती डुलते, हे या एका प्रश्नावरच्या भांडणातून जेवढे कळते, तेवढे सूत्र फळ्यावर लिहून कळत नाही.

मोजपट्टी

मीही संख्याशास्त्रच शिकवते, त्यामुळे अर्धविराम यांना थेट त्यांच्या अभ्यासक्रमातला खेळ देते. दुसऱ्या महायुद्धात जर्मनी महिन्याला किती रणगाडे बनवत आहे, याचा अंदाज दोस्त राष्ट्रांच्या संख्याशास्त्रज्ञांनी हाती आलेल्या रणगाड्यांवरील अनुक्रमांकांवरून बांधला. ऑगस्ट १९४२ साठी त्यांचा अंदाज ३२७ होता, तर हेरगिरीतून आलेला आकडा होता १५५०. युद्धानंतर जर्मन दप्तरांत ३४२ अशी नोंद सापडली.

ही गोष्ट विद्यार्थ्यांना आधी सांगू नये. १ पासून एका गुप्त संख्येपर्यंतच्या (तिला ‘न’ म्हणू) संख्यांतून यादृच्छिकपणे, म्हणजे चिठ्ठ्या टाकून काढाव्यात तशा, काढलेल्या पाच संख्या पाकिटात घालून प्रत्येक गटाला द्याव्यात आणि न किती असेल, ते शोधायला सांगावे. सूत्र देऊ नये. गट स्वतःच मार्ग काढतात. कोणी सरासरीची दुप्पट करतो, कोणी सर्वांत मोठ्या संख्येत थोडी भर घालतो. मग प्रत्येक पद्धतीचे सर्व गटांचे अंदाज फळ्यावर ठिपक्यांनी मांडावेत. आकलकाचा (अंदाज काढण्याच्या सूत्राचा) अनभिनतपणा, म्हणजे त्याचे अंदाज सरासरीने खऱ्या आकड्यावर येणे, आणि त्याचे विचरण, म्हणजे ते अंदाज किती विखुरतात, या दोन वेगळ्या गोष्टी असतात, हे तिथे डोळ्यांना दिसते. न = २४० धरला, तर ‘सरासरीची दुप्पट वजा एक’ आणि ‘सर्वांत मोठी संख्या अधिक तिचा पाचवा हिस्सा वजा एक’ हे दोन्ही आकलक अनभिनतच आहेत, पण पहिल्याचे प्रमाण विचलन (विखुरण्याचे माप) सुमारे ६१ येते आणि दुसऱ्याचे सुमारे ४०.

पाकिटे आदल्या दिवशीच भरून ठेवावीत. वर्गात पिशवी फिरवून चिठ्ठ्या काढायला लावल्या, तर अर्धा तास त्यातच जातो.

खडूची धूळ

गुण आणि अबोल विद्यार्थी यांबद्दल दोन शब्द. मी इतिहास शिकवतो आणि आमच्याकडे भूमिका घेऊन वाद घालण्याचे खेळ असतात. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमध्ये अशा आठवडे-आठवडे चालणाऱ्या खेळांची एक पूर्ण अध्यापनपद्धतीच १९९० च्या दशकात उभी राहिली. मात्र ११० जणांच्या वर्गात ती करू नये, तिला लहान तुकडी हवी.

जिंकण्याला गुण देऊ नयेत. गुण आले की विद्यार्थी धोका पत्करत नाहीत, आणि चुकायची मोकळीक हाच तर खेळाचा मोठा लाभ आहे. गुण द्यायचेच असतील, तर नंतर लिहिलेल्या चार ओळींना द्यावेत. अबोल विद्यार्थ्याला उभे करून बोलते करण्याचा आग्रह मी सोडून दिला आहे. आधी एकट्याने लिहिणे, मग शेजाऱ्याला वाचून दाखवणे आणि त्यानंतर हवे असेल तरच वर्गासमोर बोलणे, या पायऱ्या ठेवल्या की त्याचे म्हणणे कुठेतरी नोंदले जाते. सर्वांनी आनंदी दिसलेच पाहिजे, अशी अपेक्षाही नसावी. एखाद्याला शांतपणे विचार करण्यातच रस असतो.

अर्धविराम

सर्वांचे मनापासून आभार. आणखी एक अडचण आहे, ती आधी लिहायची राहून गेली. सत्राच्या शेवटी अभिप्रायात अनेकांनी लिहिले होते, की ‘मॅडम शिकवत नाहीत, आम्हालाच करायला लावतात’. या वाक्याने माझा धीर खचतो. यावर आपण काय करता?

प्रवाह

हे जवळजवळ प्रत्येकाला ऐकावे लागते. २०१९ मध्ये हार्वर्डच्या प्रारंभिक भौतिकशास्त्राच्या वर्गांवर झालेला एक अभ्यास मला इथे फार उपयोगी पडला. ज्या विद्यार्थ्यांनी स्वतः प्रश्न सोडवत तास केला, त्यांना चाचणीत अधिक गुण मिळाले, पण आपण कमी शिकलो, असे त्यांनाच वाटत होते. सफाईदार व्याख्यान ऐकताना सगळे कळल्यासारखे वाटते. स्वतः झगडताना आपले अज्ञान जाणवत राहते. म्हणून सत्राच्या पहिल्याच आठवड्यात मी हा अभ्यास विद्यार्थ्यांसमोर ठेवतो आणि त्यांना असे का वाटेल, ते आधीच सांगतो. तक्रारी पूर्ण थांबत नाहीत, पण त्यांचा सूर बदलतो.

सहकाऱ्यांना वेळेचा अपव्यय वाटत असेल, तर त्यांना २०१४ चे विश्लेषण दाखवा. विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या २२५ अभ्यासांचा त्यात एकत्र विचार केला होता. अनुत्तीर्णांचे सरासरी प्रमाण व्याख्यानाच्या वर्गांत ३३.८ टक्के आणि सक्रिय अध्ययनाच्या, म्हणजे विद्यार्थी स्वतः करून शिकतात अशा, वर्गांत २१.८ टक्के होते.

अर्धविराम

तीन आठवड्यांनी वृत्तान्त देते आहे. रुग्णालयाचा प्रश्न घेतला तेव्हा पहिल्या फेरीत सभागृह जवळजवळ सगळे पिवळे दिसले, म्हणजे ‘दोन्हीकडे सारखेच’. बरोबर उत्तरे फारच कमी असल्यामुळे प्रवाह यांच्या नियमाप्रमाणे मी आधी दोन्ही टोकांची उदाहरणे दिली, रोज एकच बाळ जन्मते असे रुग्णालय आणि रोज हजार बाळे जन्मतात असे रुग्णालय. मग चर्चा करायला सांगितली. दुसऱ्या फेरीत रंग खरोखरच बदलले.

रणगाड्यांच्या खेळात एका गटाच्या पाकिटात १९, ३४, ६१, ८८ आणि २१० या संख्या होत्या. सरासरीच्या दुपटीतून एक वजा करून त्यांचा अंदाज १६३.८ आला. मी तो फळ्यावर लिहीत असतानाच त्या गटातला, एरवी कधी न बोलणारा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, ‘मॅडम, पण २१० तर आमच्या हातात आहे.’ मी काहीच बोलले नाही. पुढची दहा मिनिटे वर्गच बोलत होता, आणि अनभिनत आकलकसुद्धा एखाद्या नमुन्यात अशक्य उत्तर देऊ शकतो, हे त्यांनीच फळ्यावर आणले.

चूकही झाली. चर्चेसाठी २५ मिनिटे ठरवली होती. पाकिटे वाटण्यात आणि गट जुळण्यात वेळ गेला आणि हाती १५ च उरली. शेवटी ‘आज आपण हे कशासाठी केले?’ या प्रश्नाला चार ओळी लिहून घेतल्या. बहुतेकांनी अंदाज आणि त्यातील फरकाबद्दल लिहिले आहे, परंतु पंधरा-सोळा चिठ्ठ्यांवर अजूनही फक्त कोणाचा अंदाज जवळ आला, एवढेच आहे. पुढच्या तासाची सुरुवात मी त्या चिठ्ठ्यांपासून करणार आहे.

मोजपट्टी, परिकल्पना चाचणीसाठीही (एखादे गृहीत विधान नमुन्याच्या आधारे टिकते का, ते तपासण्यासाठीही) असा पाकिटांचा एखादा खेळ तुम्ही केला असेल, तर कृपया सविस्तर लिहा. तो घटक चार आठवड्यांवर आला आहे.