मिरजेच्या जुन्या तंबोऱ्याच्या दुरुस्तीबाबत मदत हवी आहे

आमच्या गावातील संगीत मंडळाकडे मिरजेत घडवलेला, आजोबांच्या पिढीपासून चालत आलेला एक मर्दानी (पुरुष गायकांच्या आवाजासाठीचा, मोठा) तंबोरा आहे. दर पौर्णिमेच्या बैठकीत तो गायकाच्या मागे वाजतो आणि गावातील मुलांचे कान त्याच षड्जावर तयार झाले आहेत. यंदाच्या पावसाळ्यात भोपळ्याला तबलीच्या (त्यावरील लाकडी झाकणाच्या) जोडाजवळ साधारण चार इंचांची चीर पडली. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर तारांच्या खाचा खोल गेल्याने जवारीही (तारेचा गुंजणारा, भरीव नाद) बिघडली असून, तारेखालचे सूत कितीही सरकवले तरी खर्जाची (सर्वांत खालच्या सुराची) तार बोलत नाही. एका दुरुस्तीकाराने भोपळाच बदलण्याचा सल्ला दिला. परंतु पंढरपूर-मंगळवेढा भागातील तो जुना, वाळून मुरलेला भोपळा टाकून द्यायला मन धजत नाही.

अशी चीर आतून कापड व सरस लावून टिकाऊ रीतीने सांधता येते का, आणि त्याने नादात फरक पडतो का? घोडी घासून पुन्हा जवारी काढावी, की नवी बसवावी? मिरजेतील कारागिरांकडून असे काम करून घेतलेल्यांनी खर्च, लागलेला काळ आणि प्रवासात वाद्य कसे बांधून नेले, हे कृपया सविस्तर कळवावे. काळी एक पट्टीसाठी (हार्मोनियमची पहिली काळी पट्टी षड्ज धरून) तारा कोणत्या जाडीच्या घ्याव्यात, हेही सांगावे.