एचआयव्हीचं मॉडेल: सीडी८ पेशी कुठे टाकू?

गणित_एमएस्सी: प्रोजेक्टला एचआयव्हीचं बेसिक मॉडेल घेतलंय, तीन समीकरणं, निरोगी सीडी४ पेशी (एचआयव्ही ज्यांना लागण करतो त्या), लागण झालेल्या पेशी आणि व्हायरस. औषध नसतानाही व्हायरल लोड (रक्तातलं व्हायरसचं प्रमाण) वर्षानुवर्षं जवळपास स्थिर असतो, मग तेव्हा व्हायरस गप्प बसलेला असतो का? आणि लसीचा परिणाम दाखवायला सीडी८ (लागण झालेल्या पेशी मारणाऱ्या टी-पेशी) कुठे टाकू?

टी_पेशी: गप्प कसला! टाकीत नळ चालू आणि खालून गळतीही तेवढीच, म्हणून पातळी हलत नाही. १९९६ मध्ये अ‍ॅलन पेरेल्सन, डेव्हिड हो वगैरे संशोधकांनी ५ पेशंटना रिटोनाविर हे एचआयव्हीचं औषध देऊन सुरुवातीला दर काही तासांनी रक्त तपासलं, उतरत्या आलेखावर मॉडेल बसवलं तर निघालं की रोज सुमारे १००० कोटी व्हायरस तयार होतात, आणि रक्तातल्या व्हायरसचं अर्धायुष्य जेमतेम ६ तास.

ओडीई_वाला: सीडी८ साठी सगळे आधी लागण झालेल्या पेशींचा मृत्यूदरच वाढवतात, पण थांब. २०१० मध्ये एसआयव्ही (एचआयव्हीसारखा माकडांमधला व्हायरस) झालेल्या माकडांच्या सीडी८ पेशी काढून मग औषध दिलं, तरी व्हायरस उतरण्याचा वेग जवळपास तोच; सीडी८ व्हायरस बनवणाऱ्या पेशी मारत असत्या तर तो मंदावला असता. म्हणजे एकतर सीडी८ पेशी व्हायरस बाहेर पडायच्या आधीच मारतात किंवा न मारता उत्पादन दाबतात. त्यामुळे लागण झाली पण उत्पादन सुरू नाही अशा पेशींचा वेगळा गट कर. लसीसाठी सीडी८ ची सुरुवातीची संख्या वाढव, पण तेवढ्याने लस चालली असं लिहू नकोस हं, टी-पेशींवर भर देणाऱ्या एचआयव्ही लसीची स्टेप ट्रायल २००७ मध्ये थांबवावी लागली होती.

गणित_एमएस्सी: म्हणजे पाच समीकरणं झाली, आता पॅरामीटर फिट करताना मरतोय 😅