पुन: पुन: शनिवारची किल्ली

प्रेषक: माई, पर्वरी

मंडळी, नमस्कार.
काल पुन्हा तेच. पोरी फुटबॉलसाठी बूट बांधून मैदानावर हजर आणि हॉलला कुलूप. बाथरूम हॉलच्या आत. दोघींना शेवटी समोरच्या बेकरीवाल्या बाईंच्या घरी नेलं. बाई भल्या आहेत, पण दर शनिवारी त्यांचं दार वाजवायचं का? एक आई तर 'पुढच्या वेळी बघू' म्हणून मुलीला घेऊनच गेली. मुलगे माडाआड जाऊन येतात, म्हणून इतकी वर्षं हा प्रश्न कुणाला पडलाच नाही.
मला एक जादा किल्ली हवी, कोचबाईंकडे. येत्या शनिवारच्या आत.

प्रेषक: नाना (हॉल समिती)

माई, किल्लीचा विषय वार्षिक सभेत होऊन गेला आहे. गणेश चवथीत किल्ली तीन हातांत फिरली आणि काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. तेव्हाच ठरलं की किल्ली एकच आणि ती माझ्याकडे. शनिवारी मी पाचला उघडतो, कारण नाटकाची तालीम पाचला असते. मुलींनीही पाचला यावं. दुसरं म्हणजे चिखल. पावसात मुलग्यांच्या बुटांनी स्टेजपर्यंत नक्षी काढली होती, ती कुणी पुसली ते विचारा. खेळाला विरोध नाही. माझी नातही येते.

प्रेषक: अण्णा

नाना, पाचला आल्या तर खेळणार कधी? साडेपाचला मोठे मुलगे येतात, त्यांना मैदान मोकळं हवं. नोव्हेंबरात सहा-सव्वासहाला अंधार, आणि दिवे फक्त रस्त्याच्या बाजूला. म्हणून त्यांना साडेचारचं ऊन मिळालंय, तेही आपण उपकार केल्यासारखं दिलं.
जाता जाता, त्या पिशवीत सगळे पाच नंबरचे बॉल आहेत. दहा-अकरा वर्षांच्या मुलांना चार नंबरचा लागतो. तो ३५० ते ३९० ग्रॅमचा, पाच नंबरचा ४१० ते ४५०. छोटीने हेडर मारला की डोळ्यांत पाणी. फुटबॉलचा हिशोब कुणाकडे आहे?

प्रेषक: दादा, मस्कत

इथून वाचतोय आणि हसूही येतंय. १९२० च्या डिसेंबरात लिव्हरपूलला बायकांच्या एका मॅचला ५० हजारांवर लोक आले होते. वर्षभरात इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने ठरवलं की बायकांना आपल्या क्लबांची मैदानं द्यायची नाहीत. खेळण्यावर थेट बंदी घातली नाही, नुसतं फाटक लावून घेतलं. सुमारे पन्नास वर्षं ते तसंच राहिलं. नाना, किल्ली तुमच्याकडे आहे म्हणून आठवलं.

प्रेषक: नाना (हॉल समिती)

मी इंग्लंडची असोसिएशन नाही. आणि मस्कतला बसून वर्गणी थकवणाऱ्यांनी फाटकाबद्दल बोलू नये.

प्रेषक: काकू, फातोर्डा

दादा, किती दिवसांनी! घरी सगळे बरे ना?
२०२२ च्या ऑक्टोबरात सतरा वर्षांखालच्या मुलींच्या वर्ल्ड कपचे दोन्ही उपांत्य सामने गोव्यात आमच्या फातोर्ड्याला झाले. कोलंबिया आणि नायजेरियाचा पेनल्टीवर गेला तेव्हा माझ्या शेजारच्या बाईने माझा दंड धरला तो सोडेचना, निळा पडला होता. स्टेडियममध्ये लहान मुली किती होत्या! दुसऱ्या दिवशी त्या सगळ्या कुठे खेळायला गेल्या असतील, हा प्रश्न मला तेव्हाही पडला होता. २०२५ च्या जुलैत भारताच्या मुलींनी चियांग मायला थायलंडला २-१ हरवलं, दोन्ही गोल संगीता बासफोरचे. तेव्हापासून आमच्या वाड्यावरची प्रत्येक पोर 'मी संगीता' म्हणून भांडते. चार नंबरचे दोन बॉल माझ्याकडून.

प्रेषक: बाबी (नाट्यविभाग)

कुणी आम्हाला विचारणार आहे का? स्पर्धा तोंडावर आहे. मागच्या शनिवारी दुसऱ्या अंकात म्हातारा प्राण सोडतोय, सगळे गंभीर, आणि विंगेतून 'मॅडम, माझी बाटली आत राहिली!' म्हातारा उठून हसला. किल्ली दहा जणींना द्या, पण तालमीच्या वेळी स्टेजवरून ये-जा नको.

प्रेषक: कोच

बाटलीचं ऐकलं. मुलीला सांगितलं आहे, म्हाताऱ्यालाही सांगा.
बारा वर्षांपर्यंत मुलं-मुली एकत्र खेळवते, त्यात काही अडत नाही. त्यानंतर एकेक मुलगी गळते, आणि घरचे कारण अभ्यासाचं सांगतात. मुलींना विचारलं तर त्या वेगळं बोलतात. पाळीच्या दिवसांत बाथरूम नाही म्हटल्यावर कोण येणार? मला आतून लागणारी कडी, बादली, झाकणाचा डबा एवढंच हवं. बूट बाहेर काढून घेईन. आणि बाथरूमला मागूनही दार आहे ना?

प्रेषक: माई, पर्वरी

आहे! मागच्या स्पर्धेच्या नेपथ्याच्या चौकटी तिथे टेकवून ठेवल्यापासून ते दार कुणी पाहिलेलं नाही.

प्रेषक: बाबी (नाट्यविभाग)

त्या चौकटी नाट्यविभागाच्या आहेत, कुणी परस्पर हलवायच्या नाहीत. मागच्या खेपेला ग्रंथालयवाल्यांनी हलवल्या तेव्हा राजवाड्याची एक खिडकी फुटली.

प्रेषक: अण्णा

ती खिडकी वाळवीने फुटली, बाबी. ग्रंथालयावर घालू नकोस.

प्रेषक: नाना (हॉल समिती)

आज सकाळी जाऊन बघून आलो. दार शाबूत आहे, बिजागऱ्या गंजल्यात, तेल घातलं. मधल्या दाराला हॉलच्या बाजूने कडी आहे, ती लावली की हॉलचा संबंध उरत नाही. मागच्या दाराला वेगळं कुलूप लावतो. एक किल्ली कोचबाईंना, सही घेऊन, दुसरी माझ्याकडे. खर्च हॉलच्या खात्यातून. कडीसाठी सुतार गुरुवारी येतोय. बाबी, चौकटी पडवीत नेऊ, तू स्वतः उभा राहा आणि दोन माणसं आण. बुटांचं मात्र लेखी हवं.

प्रेषक: बाबी (नाट्यविभाग)

पडवी गळते. ताडपत्री कोण देणार?

प्रेषक: काकू, फातोर्डा

माझ्याकडे आहे, लग्नातली, निळी. बॉलबरोबर पाठवते. दादा, तू वर्गणी भर.